घर सहकारी, काम कंत्राटी

मीरा रोडच्या कुठल्याही इमारतीच्या वार्षिक सभेत जाऊन बसावे. पार्किंग, गच्चीची गळती, लिफ्टचा खर्च यांवरून आवाज चढतात, सचिवाची उलटतपासणी होते. पण मतदानाची वेळ आली की वन-बीएचकेवाल्याला एक मत आणि थ्री-बीएचकेवाल्यालाही एकच. 2011 च्या जनगणनेत आठ लाखांवर लोकसंख्या नोंदवलेले मीरा-भाईंदर शहर मोठ्या प्रमाणात सहकारी गृहनिर्माण संस्थांमध्येच राहते. पश्चिमेला उत्तनच्या कोळ्यांनाही सहकार नवा नाही. बोटीच्या डिझेलपासून त्यांचा मच्छीमार संस्थेशी संबंध येतो.

हाच माणूस सकाळी कामावर गेला की चित्र पालटते. भाईंदर पूर्वेच्या गाळ्यांत स्टीलची भांडी घडवणाऱ्या, पॉलिश करणाऱ्या कामगाराला कारखान्याच्या कारभारात मत नाही. शहराचा कचरा उचलणाऱ्याला तर आपला मालक नेमका कोण, पालिका की कंत्राटदार, हेही सांगणे अवघड जाते.

महाराष्ट्र स्वतःला सहकाराचे माहेरघर म्हणवतो, आणि ते खोटे नाही. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरानगरला उभारलेल्या साखर कारखान्याने 1950 च्या दशकात ग्रामीण भागाचा नकाशा बदलला. पण तिथली मालकी ऊस पिकवणाऱ्यांची. कोयता घेऊन बीडहून येणारे ऊसतोड जोडपे सभासद नसते. ते मुकादमाकडून उचल घेऊन फडात उतरते. आपल्या सहकाराने जमीनवाल्याला मालक केले. राबणाऱ्याला मालक करण्याचे प्रयोग झाले, पण मोजके.

त्यांतला सर्वांत परिचित प्रयोग पापडाचा. 15 मार्च 1959 रोजी गिरगावातल्या सात बायकांनी 80 रुपयांच्या उसनवारीवर ‘लिज्जत’ सुरू केले. तांत्रिकदृष्ट्या ही सहकारी संस्था नव्हे, तिची नोंदणी सोसायटी म्हणून आहे. पण पापड लाटणारी प्रत्येक ‘बहीण’ तिथे सहमालक असते, आणि नफा वाटून घेतला जातो.

मीरा-भाईंदरला मात्र पापडापेक्षा पुण्याचा कचरा अधिक शिकवू शकेल. पुण्यात 1993 मध्ये बाबा आढाव यांच्या पुढाकाराने कागद, काच, पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. कचरा वेचणाऱ्या बायका, बहुसंख्य दलित समाजातल्या, तोवर चोर म्हणून हटकल्या जात. पंचायतीने पहिली लढाई लढली ती ओळखपत्रासाठी. ‘वेचक ही कामगार आहे, ती पालिकेचा वाहतुकीचा खर्च वाचवते’ हे त्यांनी आकड्यांनिशी मांडले. त्यातून पुढे ‘स्वच्छ’ ही वेचकांच्याच मालकीची सहकारी संस्था उभी राहिली आणि 2008 मध्ये तिने पुणे महापालिकेशी करार केला.

तिची रचना साधी आहे. वेचक ठरलेल्या घरांत दारोदार जाऊन ओला-सुका कचरा वेगळा घेतात. घरटी मासिक शुल्क त्यांना थेट मिळते, भंगार विकून आलेला पैसाही त्यांचाच. पालिका ढकलगाड्या, हातमोजे, गणवेश अशी साधने आणि व्यवस्थापनाचा खर्च देते. आज साडेतीन हजारांवर वेचक तिच्या सभासद आहेत. इथे कचरा वर्गीकरणाचे प्रबोधन वेगळे करावे लागत नाही: सुका कचरा स्वच्छ मिळाला तर वेचक बाईची कमाई वाढते, म्हणून ती स्वतःच गृहिणीला दटावते. अर्थात, सगळे आलबेल नाही. कराराची मुदत संपली की संस्थेला मुदतवाढीवर ताटकळावे लागले आहे, आणि तेच काम बड्या कंत्राटदाराला देण्याची भाषा पुण्यात अधूनमधून होतेच.

मीरा-भाईंदरचा कचरा उत्तनजवळच्या धावगी डोंगरावर जातो. तिथल्या आगी, धूर आणि दुर्गंधीविरुद्ध गावकरी वर्षानुवर्षे भांडत आहेत. डोंगरावर जाणारा कचरा घरातच वेगळा झाला तर हा प्रश्न निम्मा हलका होईल. वजनावर पैसे मिळवणाऱ्या कंत्राटदाराला कचरा कमी होण्यात काय स्वारस्य?

कामगारांची मालकी म्हणजे जादू नव्हे, हे कुर्ल्याच्या ‘कमानी ट्यूब्ज’ने दाखवले. मालक कुटुंबातल्या भांडणांनी पोखरलेला हा कारखाना 1985 मध्ये बंद पडला. कामगारांनी तो स्वतः चालवण्याची योजना मांडली. 1988 मध्ये औद्योगिक व वित्तीय पुनर्रचना मंडळाने ती मंजूर केली, सर्वोच्च न्यायालयाने उचलून धरली. कामगारांनी भविष्य निर्वाह निधीतला पैसा भांडवलात घातला. देशभर कौतुक झाले, सुरुवातीची वर्षे बरी गेली. पुढे खेळत्या भांडवलाची चणचण आणि आपसातले तट यांनी घात केला. स्पेनच्या बास्क प्रांतातला, 1956 मध्ये सुरू झालेला मोंद्रागोन समूह टिकला, कारण त्याची स्वतःची बँक आणि शाळा होती; 2013 मध्ये त्यातली फागोर ही मोठी कंपनी बुडाली तेव्हा समूहातल्या इतर संस्थांनी तिच्या अनेक कामगारांना सामावून घेतले. एकाकी सहकारी कारखाना बाजारात तग धरत नाही, हा धडा दोन्हीकडचा सारखाच.

दुसरा धोका अधिक देशी आहे. सरकारी बांधकामांचा काही वाटा मजूर सहकारी संस्थांसाठी राखीव असतो. अशा अनेक संस्थांत मजूर कागदावर आणि ठेकेदार खुर्चीवर असतो. गळ्यात सोन्याची साखळी घालून ‘मजूर’ म्हणून सही करणारे नेतेही महाराष्ट्राने पाहिले आहेत.

तरीही मीरा-भाईंदरने सुरुवात कचऱ्यापासून करावी. 1960 च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्यानुसार संस्था नोंदवायला वेगवेगळ्या कुटुंबांतले दहा जण पुरतात. 2016 च्या घनकचरा नियमांनी वेचकांना व्यवस्थेत सामावून घेण्याची जबाबदारी स्थानिक स्वराज्य संस्थांवर टाकली. अडते ते निविदेतल्या कोट्यवधींच्या उलाढालीच्या अटींपाशी; त्या पेलणारी वेचक शहरात सापडणार नाही. पालिकेने एका प्रभागाचे काम या अटींविना, पुण्यासारखा थेट करार करून, वेचकांच्या संस्थेला पाच वर्षांसाठी द्यावे आणि तिचे हिशेब दरवर्षी जाहीर करावेत.