गावातले कुणीतरी धावते आहे

मॅरेथॉनच्या विजेत्याने धावपटू घडवायला घेतले की तो सगळ्यांत वेगवान पोरे आधी निवडेल, असे वाटते. रॉबर्ट डी कॅस्टेला यांनी तसे केले नाही. १९८३ चे जागतिक विजेतेपद आणि १९८६ ची बॉस्टन मॅरेथॉन जिंकलेल्या या ऑस्ट्रेलियन धावपटूने देशातील मूलनिवासी तरुणांसाठी ‘इंडिजिनस मॅरेथॉन प्रोजेक्ट’ सुरू केला. निवडीसाठी धावून दाखवावे लागते. पण मुलाखतीत पाहतात ते हे, की हा मुलगा किंवा ही मुलगी गावी परतल्यावर आणखी चारजणांना बाहेर काढेल का.

ऑस्ट्रेलियात मूलनिवासी पुरुषांचे आयुर्मान इतरांपेक्षा ८.८ वर्षांनी आणि स्त्रियांचे ८.१ वर्षांनी कमी आहे (२०२०-२२). मधुमेह, हृदयविकार, मूत्रपिंडाचे आजार ही त्यामागची मोठी कारणे. शिकार आणि कंदमुळांसाठी मैलोन्‌मैल चालणाऱ्या या लोकांच्या जमिनी गेल्या, ख्रिस्ती मिशनच्या वस्त्यांत पीठ, साखर आणि चहाचा शिधा हाती आला. आजार तिथून सुरू होतात, लोकांच्या आळसातून नव्हे. हे आधी मान्य केल्याशिवाय व्यायामाचा उपदेश करूच नये.

धावताना स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात, शरीर इन्सुलिनला अधिक चांगली दाद देऊ लागते. हा फायदा रोज अर्धा तास झपझप चालूनही मिळतो. मग ४२.१९५ किलोमीटर कशासाठी? कारण मॅरेथॉनची तयारी लपत नाही. वाळवंटातल्या छोट्या वस्तीत कुणी महिनोन्‌महिने पहाटे लाल मातीच्या रस्त्यावर धावत असेल, तर आजीपासून शाळकरी पोरापर्यंत सगळे ते पाहतात. निवडलेल्यांचे टप्पे ठरलेले: आधी अर्ध मॅरेथॉन, मग अ‍ॅलिस स्प्रिंग्जला ३० किलोमीटर, शेवटी न्यूयॉर्क मॅरेथॉन. पहिल्याच वर्षी, २०१० मध्ये, चौघांनी ती शर्यत पूर्ण केली. सोबत प्रथमोपचार आणि प्रशिक्षकाचे धडेही असतात, कारण पुढचे काम गावात असते.

झिबियन फील्डिंग हा दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटी भागातला आरोग्य कार्यकर्ता. २०१६ मध्ये तो न्यूयॉर्कला धावला. दोन वर्षांनी त्याने आपल्याच भूमीवर ६० किलोमीटरहून लांब धाव घेतली, ती डायलिसिसच्या निधीसाठी. तिथल्या रुग्णांना तेव्हा आठवड्यातून तीनदा यंत्राला जोडून घ्यायला शेकडो किलोमीटर दूरच्या शहरात राहावे लागे. घर, नातवंडे, पूर्वजांची भूमी मागे टाकून. निकामी झालेले मूत्रपिंड धावण्याने बरे होत नाही, हे आरोग्य कार्यकर्ता असलेल्या झिबियनला ठाऊक होते. गावाजवळ डायलिसिस, परवडणारी ताजी भाजी, राहण्याजोगी घरे हे सरकारचे देणे आहे आणि ते कुणाच्याही धावण्याने फिटत नाही.

म्हणून मला या उपक्रमातली न्यूयॉर्कची शर्यत दुय्यम वाटते. खरा कस त्यानंतर लागतो: परतलेले तरुण आपापल्या गावी धावण्याचे गट चालवतात, लहानमोठ्यांच्या शर्यती भरवतात. ब्रूमचा अ‍ॅड्रियन डॉड्सन-शॉ २०१४ च्या तुकडीतला; पुढे तो याच उपक्रमाचा मुख्य प्रशिक्षक झाला.