गोळीपूर्वीची नजर

अमेरिकेत पोलिसांच्या गोळीने कुणी मरण पावले, की वाद दुभंगतो : एक पक्ष वर्णद्वेषाकडे बोट दाखवितो, दुसरा मृताच्या मनोविकाराकडे. वस्तुतः ही कारणे परस्परविरोधी नाहीत. आपल्या माणसाचा क्षोभ आजार वाटतो. परक्याचा तोच क्षोभ धोका ठरतो.

बेंगळुरूलाही या प्रश्नाची झळ लागली आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये जे. सी. नगर पोलिसांच्या ताब्यातील काँगोचा तरुण मरण पावला. तेथे गोळी चालली नव्हती. हृदयक्रिया बंद पडल्याचे पोलिसांनी सांगितले. ठाण्यासमोर जमलेल्या आफ्रिकी निदर्शकांवर लाठीमार झाला. तपास सीआयडीकडे गेला.

महाराष्ट्रातील चकमकींच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये घालून दिलेली मार्गदर्शक तत्त्वे मुख्यत्वे मृत्यूनंतरच्या चौकशीची आहेत. त्याआधीची तरतूद २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम १०० मध्ये आहे : मनोरुग्णाला कोठडीत न डांबता २४ तासांच्या आत सरकारी आरोग्यसंस्थेत न्यावे. ‘निम्हान्स’ तर याच शहरात आहे. परंतु आजार ओळखणारी पहिली नजर पोलीस ठाण्यातली असते. कन्नड न येणाऱ्या परप्रांतीयाचा गोंधळ तिला उद्दामपणा वाटला, तर हा कायदा ठाण्याच्या दारातच अडतो.