नकाशावरचा ठिपका किती शिळा?

मुंबईहून येणाऱ्या गाडीसाठी नागपूर जंक्शनवर थांबलेली माणसं हल्ली मोबाइलवरच्या नकाशाकडे डोळे लावून असतात. ठिपका सेवाग्राम सोडून बुटीबोरीकडे सरकला की बॅगा उचलल्या जातात. पण तो ठिपका सरकवतं कोण? इस्रोच्या साहाय्याने रेल्वेने इंजिनांवर बसवलेली आरटीआयएस ही यंत्रणा साधारण दर ३० सेकंदांनी गाडीचा ठावठिकाणा कळवते. ती नसेल तिथे स्थानकातून गाडी गेल्याची नोंद हाच आधार. खालचा रस्ते-रुळांचा नकाशा एकदाच उतरवून घेतलेला असतो. सर्व्हरकडून नवी नोंद आली की ब्राउझर फक्त वरचा थर पुन्हा रंगवतो. दोन नोंदींच्या मधली ठिपक्याची मोहक घसरण हा बऱ्याचदा नुसता हिशेब असतो. हिशेबाला माझी हरकत नाही, तो लपवण्याला आहे. शेवटची खरी नोंद किती वाजताची, हे ठिपक्याशेजारी ठळक दिसलंच पाहिजे.

नेटवर्क वेगवान होत जाईल तसा हा प्रश्न आपोआप मिटेल, असं म्हणणारे आहेत. ते अर्धंच खरं आहे. हवामान खात्याचं नागपूरचं डॉप्लर रडार वेगवेगळ्या कोनांतून आभाळ तपासतं. अशा एका फेरीलाच दहाएक मिनिटं जातात, मग इंटरनेट कितीही पळो. २३ सप्टेंबर २०२३च्या पहाटे नागपुरात काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्या पाण्यात गेल्या. अशा रात्री दहा मिनिटं थोडी नव्हेत. शिवाय वीज गेली, नदीची पातळी मोजणारं यंत्र बुडालं, तर नकाशावर जुनाच आकडा तसाच चमकत राहतो. पाणी स्थिर आहे की यंत्र बंद पडलंय, हे पाहणाऱ्याला कसं कळावं?

सामान्य माणूस वेळ-बिळ वाचत नाही, उगाच गोंधळतो, हा दुसरा आक्षेप. त्याला पुण्याच्या आयआयटीएम या हवामानशास्त्र संस्थेचं ‘दामिनी’ अ‍ॅप हे चोख उत्तर आहे. गेल्या ५, १० आणि १५ मिनिटांत पडलेल्या विजा ते वेगवेगळ्या रंगांत दाखवतं. रंग ओळखला की वीज किती ताजी ते कळतं. नाग नदीच्या पातळीचा थेट नकाशा नागपूरकरांसाठी करणाऱ्यांनी एवढंच करावं: पंधरा मिनिटांत नवी नोंद आली नाही, तर जुना आकडा पुसून तिथे ‘माहिती नाही’ असं लिहावं.