चरबीच्या गाठीवर इंजेक्शन: गैरसमज आणि वस्तुस्थिती

लायपोमा म्हणजे कातडीखाली वाढणारी चरबीच्या पेशींची गाठ. ती कॅन्सरची नसते. पाठ, खांदा, मान, दंड आणि मांडी या तिच्या नेहमीच्या जागा. हाताला ती मऊ लागते, कडेला दाबले की बोटाखालून सटकते आणि सहसा दुखत नाही. शंभरात साधारण एकाला ती असते. बहुतेकांच्या लक्षात येते ती चाळिशीनंतर. अंगावर चरबी जास्त झाली की अशा गाठी येतात, हा समज चुकीचा आहे. सडपातळ माणसालाही त्या होतात, काही घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या दिसतात, आणि वजन उतरले तरी गाठ तशीच राहते, कारण तिच्यातली चरबी शरीर उपासमारीतही सहसा वापरत नाही. मालीश, शेक, लेप यांचाही उपयोग होत नाही.

इंजेक्शनने गाठ ‘विरघळते’ हे अर्धसत्य आहे. वापरात मुख्यतः दोन प्रकारची औषधे आहेत आणि त्यांची कामाची तऱ्हा वेगळी आहे. ट्रायअ‍ॅमसिनोलोन हे स्टेरॉइड चरबीच्या ऊतीला हळूहळू आकसवते. ते एक इंचापेक्षा लहान गाठीत भूल देणाऱ्या औषधात मिसळून देतात आणि गरजेनुसार महिन्याच्या अंतराने पुन्हा टोचतात. दुसरे डीऑक्सिकोलिक आम्ल. हे मुळात पित्तातले आम्ल. आतड्यात ते स्निग्ध पदार्थ पचवायला मदत करते. साबणाने तेलकटपणा सुटावा तसे ते चरबीच्या पेशीचे पटल फोडते. फुटलेल्या पेशींभोवती दाह होतो आणि पुढच्या काही आठवड्यांत शरीरातल्या भक्षक पेशी तो कचरा उचलतात. आधी हे आम्ल सोयाबीनपासून काढलेल्या फॉस्फॅटिडिलकोलीनबरोबर दिले जाई आणि श्रेय त्या सोयाच्या घटकाला मिळे. २००४ मधील प्रयोगांत पेशी फोडण्याचे काम मुख्यतः हे आम्लच करते असे दिसले.

‘हे इंजेक्शन अमेरिकेत मंजूर आहे’ असे जाहिरातींत सांगितले जाते. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने (एफडीए) डीऑक्सिकोलिक आम्लाला २०१५ मध्ये मंजुरी दिली ती हनुवटीखालच्या चरबीसाठी. लायपोमासाठी ती मंजुरी नाही. डॉक्टर आपल्या जबाबदारीवर ते वापरू शकतात, पण रुग्णाला ही गोष्ट आधी सांगितली गेली पाहिजे. पुरावाही तोकडा आहे. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, वारंवार उल्लेखल्या जाणाऱ्या अभ्यासात सहा रुग्णांच्या बारा गाठी होत्या. त्यांचे क्षेत्रफळ सरासरी ७५ टक्क्यांनी घटले. परिणाम आशादायक आहे, पण सहा माणसांवरून सर्वांसाठी निष्कर्ष काढता येत नाही. शिवाय गाठ लहान झाली, म्हणजे नाहीशी झाली असे नव्हे. आवरण आणि उरलेल्या पेशी आत राहिल्या तर ती पुन्हा वाढू शकते.

‘एक टोचणी आणि काम फत्ते, त्रास काहीच नाही’ हेही खरे नाही. डीऑक्सिकोलिक आम्लानंतर सूज, जळजळ, काळेनिळेपणा आणि बधिरपणा हे अपेक्षितच असतात. जागा काही आठवडे टणक राहू शकते. औषध फार वर, कातडीतच गेले तर तिथे जखम होऊन व्रण उरतो. मज्जातंतूजवळ गेले तर मज्जातंतूला इजा होऊ शकते. स्टेरॉइडमुळे कातडीचा रंग फिका पडू शकतो, खड्डा पडू शकतो, आणि मधुमेह असलेल्याची साखर काही दिवस वाढू शकते. ब्यूटी पार्लरमध्ये किंवा ऑनलाइन मागवलेल्या कुपीतून असे इंजेक्शन घेणे धोक्याचे आहे: कुपीत काय आहे हेही माहीत नसते आणि टोचणाऱ्याला कातडीखालची रचनाही.

‘गाठीला सुई किंवा सुरी लागली की तिचा कॅन्सर होतो’ ही भीती आपल्याकडे खोल रुजलेली आहे आणि ती निराधार आहे. काळजी करायची ती निदानाची. ज्या गाठीला सगळे चरबीची म्हणतात ती दुसरेच काही असू शकते. पोटावर किंवा जांघेत, खोकल्यावर फुगणारी गाठ हर्निया असू शकते. तिच्यात औषध टोचले तर आतड्याला इजा होऊ शकते. बाळाच्या कमरेवर, मणक्याच्या रेषेत जन्मापासून असलेली गाठ थेट मज्जारज्जूशी जोडलेली असू शकते. पाच सेंटिमीटरपेक्षा मोठी, भराभर वाढणारी, टणक, दुखरी किंवा खोलवर चिकटलेली गाठ असेल तर लायपोसार्कोमा हा कॅन्सर नाही ना, हे सोनोग्राफी, एमआरआय आणि गरज पडल्यास बायॉप्सीने आधी पाहावे लागते. इंजेक्शनची अडचण इथेच आहे: शस्त्रक्रियेत काढलेली गाठ तपासणीला पाठवता येते, इंजेक्शनमध्ये पाठवायला काहीच उरत नाही.

शस्त्रक्रियेबद्दलची धास्ती मात्र बहुधा अनाठायी असते. छोटी गाठ जागेपुरती भूल देऊन आवरणासकट काढतात आणि रुग्ण त्याच दिवशी घरी जातो. गाठ पूर्ण निघाली तर ती परत येण्याचे प्रमाण फार कमी आहे. व्रण मात्र राहतो. ज्याला व्रण नको, ज्याची गाठ लहान आहे आणि निदान पक्के झाले आहे, त्याच्यासाठी इंजेक्शन हा विचारात घेण्याजोगा पर्याय आहे. न दुखणाऱ्या, न वाढणाऱ्या, निदान झालेल्या गाठीला मात्र कोणत्याच उपचाराची गरज नसते.