बाई, ही दुपार आहे ना?

चौथीच्या वर्गाला शिवरायांच्या आरमाराबद्दल शिकवायचं होतं. म्हटलं, भिंतीवर लावायला चित्रच काढू या. पौर्णिमेची रात्र, १६६४ साली पायाभरणी झालेला सिंधुदुर्ग आणि समुद्रात गलबतं! आनंदनगरच्या घरात कॅनव्हास मांडला, तैलरंगातल्या पांढऱ्याची अख्खी ट्यूब संपवली. चित्र पाहून वर्गातला एक पठ्ठ्या म्हणाला, "बाई, ही दुपार आहे ना?"

काय चुकलं? पुढच्या पौर्णिमेला आम्ही घरची मंडळी चिखलोली धरणाकडे गेलो. चंद्र वर आला. पाण्यावर लखलखाट होता तो एका पट्ट्यातच, चंद्राखालून सरळ माझ्याकडे आलेला. वीस पावलं दूर उभी असलेली माझी मुलगी म्हणे, "छे, माझ्याकडे येतोय!" दोघींचं बरोबर. प्रत्येक लाट म्हणजे छोटा आरसा. ज्यांचा कल जुळतो तेच आरसे आपल्या डोळ्यांकडे उजेड पाठवतात. बाकी पाणी काळंच. मी मात्र सगळा समुद्र चमकवला होता, वर शिडंही पांढरीशुभ्र! चंद्र गलबतामागे असेल तर आपल्याकडची बाजू अंधारातच राहणार. आणखी एक गंमत : मालवणचा समुद्र पश्चिमेला, म्हणून तिथे पौर्णिमेचा चंद्र समुद्रावर टेकलेला दिसतो तो पहाटे, मावळताना.

इंग्लंडच्या टर्नरने १७९६ साली रॉयल अकादमीत आपलं पहिलं तैलचित्र मांडलं, ते रात्रीच्या समुद्रातल्या कोळ्यांचं. ढगांतला चंद्र फिकट, होडीतला कंदील तांबूस. त्या एवढ्याशा कंदिलामुळेच चांदणं गार वाटतं.

मी पुन्हा सुरुवात केली. गडद निळ्यात तपकिरी मिसळून सगळा कॅनव्हास रंगवला. तयार काळा मला निर्जीव वाटतो. मग थांबले. तैलरंगात बहुधा जवसाचं तेल असतं, आपण चटणी करतो त्याच जवसाचं! ते पाण्यासारखं उडून जात नाही, हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतं. त्याला दिवसच्या दिवस लागतात. ओल्या निळ्यावर घाईने पांढरा दिलात की झाला राखाडी चिखल! (पालकांनो, टर्पेंटाइन वापरताना खिडक्या उघड्या ठेवा आणि स्वतः जवळ बसा.)

आठवड्याने पांढऱ्यात किंचित पिवळा घालून चंद्राखाली आडवे, तुटक फटकारे दिले. क्षितिजापाशी बारीक, अलीकडे मोठे. त्या पट्ट्यात एक काळंभोर गलबत. शेजारच्या गलबतावर एकच तांबूस ठिपका.

तोच पठ्ठ्या चित्रापुढे बराच वेळ उभा होता. मग हळूच म्हणाला, "बाई, त्या दिव्यापाशी कोण जागं आहे?"