भूजलाचा नकाशा उघडताना

विहीर किंवा बोअरवेल कुठे घ्यावी, हे पाहायला आता अनेक जण इस्रोचे ‘भुवन’ संकेतस्थळ उघडतात. 2009 साली सुरू झालेल्या या सेवेवर भूजल, जमीनवापर, पडीक जमीन असे विषयवार नकाशे आहेत. मात्र ते पाहताना काही अडचणी हमखास येतात.

पहिली अडचण प्रमाणाची. भूजल-शक्यतेचे नकाशे 1:50,000 प्रमाणावर तयार झाले आहेत. म्हणजे नकाशावरचा 1 मिलिमीटर जमिनीवर 50 मीटर भरतो. एक हेक्टरचा चौकोनी तुकडा तिथे जेमतेम 2 मिलिमीटर बाजूचा ठिपका होतो. पडद्यावर चित्र कितीही मोठे केले, तरी मूळ तपशील वाढत नाही. असा नकाशा परिसराची कल्पना देतो. बोअरची नेमकी जागा ठरवायला प्रत्यक्ष पाहणीच हवी.

दुसरी अडचण, नकाशावर निवडलेला माहितीचा थर (लेयर) दिसतच नाही. काही थर ठरावीक झूमवरच उमटतात. थोडे आत-बाहेर करून पाहावे.

तिसरी अडचण अक्षांश-रेखांशांची. पुण्याचे 18.52 आणि 73.86 हे आकडे उलट भरले, तर बिंदू थेट नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात पडतो.

चौथी अडचण डाउनलोडची. कित्येक सेवा नकाशाचे फक्त चित्र पाठवतात, त्यामागची माहिती नाही. त्यामुळे त्यावरून क्षेत्रफळाचा तक्ता काढता येत नाही.

रंगांचा अर्थ सूचीत पाहावा आणि माहिती कोणत्या वर्षाची, तेही तपासावे. जुन्या माहितीत नवे शेततळे सापडणार नाही.