जांभळी व्हर्बिना : पावसाळा सांभाळा, झाड टिकेल



व्हर्बिनाची रोपे थंडीत आणायची, उन्हाळ्यापर्यंत फुले पाहायची, पावसात झाड कुजले की पुढल्या वर्षी पुन्हा पैसे मोजायचे, असे पुष्कळांचे चालते. खरे पाहता हे झाड एका हंगामाचे नव्हे, काही वर्षे टिकणारे आहे. दक्षिण अमेरिकेतून आलेले हे झाड थंड मुलखात हिमाने मरते. आपल्याकडे ते मरते साचलेल्या पाण्याने. म्हणून परदेशी पुस्तकातला थंडीचा सल्ला बाजूला ठेवा आणि पावसाची तयारी करा.

कुर्ल्याचेच पाहा. मिठी नदीकाठची सखल जागा आणि मुंबई उपनगरात वर्षाला २,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मिठीचे पाणी वस्त्यांत शिरले. असा दिवस क्वचित येतो. पण व्हर्बिनाला एवढे लागतही नाही. मुळाशी चार दिवस पाणी तुंबलं की झाड गेलंच म्हणून समजा. भातखाचराजवळच्या अंगणातही हाच धोका असतो.

कोणती लावावी? उंच जात (बोनारिएन्सिस) ३ ते ५ फूट वाढते. दांडा चौकोनी, खरखरीत, शेंड्यावर जांभळे झुबके. बुटकी जात (रिजिडा) दीड-दोन फुटांची. तिची मुळे जमिनीखाली पसरून नवे फुटवे देतात. जमिनीलगत पसरणारी बागेतली व्हर्बिना मात्र पावसात सर्वांत नाजूक.

जमीन व लागवड : दिवसाला सहा तास ऊन मिळेल अशी जागा निवडा. ९ इंच ते १ फूट उंच गादीवाफा करा. माती चिकट असेल तर रेती मिसळा. पाऊस ओसरल्यावर, सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरमध्ये, बी कुंडीत पेरून वर मातीचा अगदी पातळ थर द्या. उगवण सावकाश होते, तीन-चार आठवडेही लागतात. तोवर माती ओलसर ठेवा, धीर सोडू नका. रोपे चार-सहा पानांची झाली की दीड फुटावर लावा. शेणखत बेताने घाला. जास्त खताने पाला माजतो, फुले कमी येतात.

निगा : वरची माती सुकली की सकाळी बुंध्याशी पाणी द्या. रोप वीतभर झाले की शेंडा खुडा, म्हणजे फुटवे येतात. पानांवर पांढरी भुरी दिसली तर पाण्यात मिसळणारे गंधक १० लिटर पाण्याला २० ग्रॅम या प्रमाणात फवारा. भर उन्हात फवारू नका. माव्यासाठी ५ टक्के निंबोळी अर्क चालतो.

पावसाळ्याची जपणूक (हे चुकवू नका) : मेच्या मध्यापर्यंत फुले नसलेल्या कोवळ्या शेंड्यांचे ३-४ इंचांचे तुकडे घ्या. खालची पाने काढून रेती-मातीत खोचा आणि सावलीत ठेवा. दोन-तीन आठवड्यांत मुळे फुटतात. तळाला भोक पाडलेला जुना डबाही कुंडी म्हणून चालतो. ही रोपे पडवीत, पागोळ्यांपासून दूर पण उजेडात ठेवा. मूळ झाड अर्ध्यावर छाटून वाफ्याभोवती चर काढा. झाड वाचले तर उत्तम. नाही वाचले तरी ऑक्टोबरला लावायला रोपे घरचीच.

एक धोक्याची सूचना : उंच जातीचे बी सांडून आपोआप उगवते, काही देशांत ती तण होऊन बसली आहे. आपल्या रानांत माजलेली घाणेरी व्हर्बिनाच्याच कुळातली आणि तीही शोभेचे झाड म्हणूनच आली होती, हे विसरू नका. फुले सुकताच झुबके कापा. ओढ्याकाठी, बांधावर ही जात लावू नका.

विक्रीचे काय? दादरच्या बाजारात हाराला झेंडू-शेवंती लागते. व्हर्बिनाचे बारीक फूल ओवता येत नाही. म्हणून हिच्यासाठी शेत अडवू नका. अंगणात चार झाडे लावा. फुलपाखरे, मधमाश्या येतील. जास्तीची रोपे कुंडीतून खपली तर तेवढेच चार पैसे.

पत्रक जपून ठेवा आणि मे महिन्यात पुन्हा एकदा काढून वाचा.